तळाचं पाऊच

१

आमच्या विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये अठ्ठावीस खुर्च्या आहेत. बुधवारी सकाळच्या उड्डाणात त्यातल्या अकरा खुर्च्यांवरच्या प्रवाशांना पाऊच मिळालं नाही.

पाऊच म्हणजे चेन लावलेली छोटी पिशवी. आत मोजे, डोळ्यांवरची पट्टी, ब्रश, बोटभर क्रीम आणि घडी घातलेल्या सपाता. एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं, असं वाटत असेल तर एकदा माझ्या खुर्चीत येऊन बसा. शेजारच्याला मिळालं आणि आपल्याला नाही, हे दुःख किती मोठं असतं ते मी बारा वर्षं वाचतोय. मी विमान कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसाकाठी चाळीस पत्रांना उत्तरं देतो आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘आम्ही दिलगीर आहोत’ असं लिहितो. ऑफिसात माझं नावच दिलगीर पडलंय. खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मी दचकेन.

चार महिन्यांपासून या पत्रांना नुसता ऊत आला होता. एकाला जाड पांघरूण, पलीकडच्याला पातळ. नवऱ्याला सपाता, बायकोला नुसतेच मोजे. एका बाईंनी कोट लटकवायचं कपाट बंद असल्याचा राग तीन पानं काढला होता. एका गृहस्थांना पाऊच मिळालं होतं, पण आत कुणाची तरी हातानं लिहिलेली चिठ्ठी निघाली म्हणून ते खवळले होते. मी सगळ्यांपुढे दिलगीर झालो, पत्रं आपापल्या फायलींना लावली आणि विसरून गेलो.

बुधवारच्या त्या अकरा जणांत मात्र आमचे नवे अध्यक्ष होते. पहिल्या रांगेत, जुना स्वेटर घालून. त्यांनी उतरल्या उतरल्या असा काही निरोप धाडला की अख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरुवारी सकाळी दहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. दक्षता अधिकारी होते.

“दिलगीर, खाली या. तुमच्या बहिणीचं काम आहे.”

माझी ताई खाली स्टोअरमध्ये बिझनेस क्लासच्या ट्रॉल्या भरते. एकोणीस वर्षं भरतेय. प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी सकाळी अठ्ठावीस पाऊच मोजून ट्रॉलीत ठेवायची, दार लावायचं आणि त्यावर क्रमांकाचं सील ठोकायचं. वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. कुणाची सुई उचलली तरी ती परत ठेवायला लावायची, तीही माफी मागून. माझी नोकरी दिलगिरीची आहे, पण शिकवण तिची.

“काय झालं साहेब? तिच्यावर संशय आहे का?” मी जिन्यातूनच विचारलं.

“संशय कसला,” ते म्हणाले. “तिनं चोरी कबूल केलीय. लेखी.”

२

दक्षता अधिकारी वाईट माणूस नाही. थकलेला आहे. चहात बिस्किट बुडवून बोलत राहतो आणि बिस्किट विरघळून गेल्यावर कपाकडे दुःखानं बघतो.

“मी बाईंना वाट दाखवली होती हो,” ते म्हणाले. “म्हटलं, एवढंच लिहून द्या की भरताना विसरले. वय झालं, होतं असं. डॉक्टरांकडून तपासून घेऊ, महिनाभर रजा, विषय संपला. तर त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि लिहिलं, ‘मी चोरली.’ विचारलं, कुठे आहेत? म्हणे विकली. कुणाला? तर म्हणाल्या, ‘आठवत—’ आणि एकदम थांबल्या. मग म्हणाल्या, ‘सांगणार नाही.’”

“तिच्या कपाटात काही सापडलं?”

“डबा, चष्म्याचं घर आणि हे.” त्यांनी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. काडेपेटीएवढ्या चिठ्ठ्या, कात्रीनं सारख्या कापलेल्या. “बाहेरच्या साथीदाराला निरोप द्यायला असणार. पाच वाजता हा कबुलीजबाब पोलिसांकडे जाईल. विमानतळाचा पास मी काढून घेतलाय, तो रद्द होईल. एकदा चोरीवरून पास गेला की परत मिळत नाही, तुम्हाला माहीतच आहे. बोला त्यांच्याशी. दहा मिनिटं देतो.”

ताई आतल्या खोलीत बसली होती. युनिफॉर्मची सगळी बटणं लावलेली, हात मांडीवर. मी समोर बसलो.

“तू सपाता चोरल्यास?”

“चोरल्या.”

“कंपनीच्या सपाता तुझ्या पायात शिरतात तरी का? आई म्हणायची, पोरीचे पाय आहेत की होड्या.”

“हसवू नकोस बाळ. मी आता हसले तर रडेन.”

मग ती बोलली, टेबलाकडे बघत.

“आईला डॉक्टर दर वेळी काय विचारायचे, आठवतं? आज वार कोणता. आणि आई हसून म्हणायची, ‘तुम्हीच सांगा की, तुम्ही शिकलेले.’ शेवटी मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही कुणाकडच्या?’ मला म्हणाली रे.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“मी अठ्ठावीस मोजते. माझ्या हाताला कळतं ते. आणि विमानातून निरोप येतो, सतरा होती. एकदा नाही, चार महिन्यांत दहा वेळा. सील जसंच्या तसं, कुणी हात लावलेला नाही. मग दहा वेळा माझ्या हाताला अठ्ठावीस वाटली आणि होती कमी. तूच सांग, बिघाड कुठे असेल?” तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. “डॉक्टरकडे जाऊन मला ते ऐकायचं नाही. चोर म्हणू देत. चोराला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं.”

इतके महिने ही बाई माझ्यासमोर जेवायला बसत होती आणि मला पत्ता नव्हता.

“मी परीक्षासुद्धा घेऊन बघितली स्वतःची,” ती हळूच म्हणाली. “रोज घेते.”

“कसली परीक्षा?”

दार उघडलं. “दहा मिनिटं झाली,” दक्षता अधिकारी म्हणाले, आणि ताईनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

३

मी पोलीस नाही, हेर नाही. पण बारा वर्षं लोकांची गाऱ्हाणी वाचून एक गोष्ट शिकलोय. माणूस ज्याबद्दल तक्रार करतो त्याच्या शेजारची गोष्ट खरी महत्त्वाची असते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टोअर गाठलं.

स्टोअरकीपरला तिथे सगळे शिक्केसाहेब म्हणतात. समोर येईल त्या कागदावर शिक्का मारतात, एकदा त्यांनी चहाच्या बशीखालच्या रुमालावरही मारला होता.

“बुधवारची ट्रॉली तुम्ही मोजली होती?”

“मी शिक्का मारला होता,” ते दुखावून म्हणाले.

“मोजली होती का?”

“एकोणीस वर्षं बाईंची मोजणी चुकली नाही. मी कशाला मोजू?” आणि मग घाईनं, “म्हणजे तेव्हापर्यंत चुकली नव्हती.”

“आणि उरलेला माल? परत येतो तो?”

इथे गडी खुलला. “ती शिस्त मी लावली. पूर्वी दर ट्रॉलीतून दहा-बारा पाऊच परत यायची. नुसता गोंधळ. आता नियम सोपा आहे. जेवढी परत आली तेवढी त्या उड्डाणाच्या पुढच्या खेपेतून कापायची. जास्त झालं म्हणूनच परत येतं ना? तेव्हापासून बघा, चार महिन्यांत एक मोजासुद्धा परत आलेला नाही!”

“एकही नाही?”

“एकही नाही. रिकाम्या ट्रॉल्या येतात, धुतलेल्या भांड्यासारख्या.”

त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. मला ते कुठेतरी खटकलं, पण का ते कळेना.

बाहेर ट्रकवाले काका गाडीच्या सावलीत डबा खात बसले होते. ट्रॉल्या स्टोअरमधून विमानापर्यंत तेच नेतात. त्यांच्याशिवाय वाटेत कुणाचा हात लागत नाही, म्हणजे ताईनंतर संशय त्यांच्यावर. ते त्यांनाही कळत होतं.

“हे बघा,” घास थांबवून ते म्हणाले, “मी सीलचा आकडा बघतो, कागदाशी जुळवतो, वर चढवतो. सील तोडून परत लावता येत नाही, तुटलं की तुटलं. बुधवारी आकडा जुळला होता. केबिनमधल्या मॅडमनी माझ्यासमोर सील तोडलं, सही केली. बाई मला बहिणीसारखी आहे. पण खोटं बोलून तिला कसं सोडवू?”

“मॅडमनी सही केली तेव्हा मोजली का?”

“सही करताना मोजतं कोण? दार लावायची घाई असते.” मग त्यांनी लांब उभ्या असलेल्या विमानाकडे हात केला. “तेच विमान आहे बुधवारचं. काल संध्याकाळी परत आलं. आज साडेचारला पुन्हा जातंय.”

घड्याळात बारा वाजून गेले होते.

“आज कुणाकडे आहे ते?”

“त्याच मॅडमकडे. दोन महिन्यांनी एखादं विमान फिरून हातात यायचं, तर यांना लागोपाठ मिळालंय. त्याच खुशीत होत्या सकाळपासून. का ते त्यांनाच माहीत.”

४

केबिनप्रमुख मॅडम कर्मचाऱ्यांच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. केस असे बसवलेले की वादळातही हलणार नाहीत. हातातल्या कपातला चहा मात्र न पिताच गार झाला होता.

“मी अहवालात लिहिलंय. ट्रॉलीत सतराच होती.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“वाटताना.”

“म्हणजे वाटता वाटता संपली.”

“हो.”

“मग पहिल्या रांगेतल्या माणसाला कसं मिळालं नाही? वाटायला सुरुवात पहिल्या रांगेपासून करतात.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ते झोपले होते. झोपलेल्यांना कशाला उठवायचं? जागे होते त्यांना दिली.”

“अकराही जण झोपले होते?”

“उड्डाण पहाटे उठून गाठलेलं असतं. झोपतात लोक.”

हे मात्र खरं असावं. माझ्या फायलीतली निम्मी पत्रं ‘माझा जरा डोळा लागला आणि’ इथूनच सुरू होतात. पण सतराच आहेत हे आधी माहीत नसताना झोपलेल्यांना वगळायचं कारण काय? मी तसं विचारलं. मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी पर्समधून एक घडी घालून मऊ झालेला कागद काढला आणि माझ्यासमोर आपटला.

“हे वाचा आणि मग मला प्रश्न विचारा!”

परिपत्रक होतं, चार महिन्यांपूर्वीचं. ‘उड्डाणात कोणत्याही वस्तूची कमतरता आढळल्यास केबिनप्रमुखाने चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा. यात कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’

“माझ्या मैत्रिणीला एका सपातांच्या जोडापायी तीन आठवडे घरी बसवलं,” मॅडम म्हणाल्या. “शेवटच्या तासाला कुणी बडं माणूस उठतं आणि म्हणतं, माझं पाऊच? तेव्हा हातात काहीतरी असायला नको का? तुम्हाला ऑफिसात बसून काय कळणार! असली वाक्यं लिहिणाऱ्याला एकदा विमानात उभं करायला पाहिजे.”

मी कागदाकडे बघत राहिलो. ते वाक्य मी लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी पहिली ओळ सांगितली होती. ‘यात कोणतीही सबब’ हे वजन यावं म्हणून मी माझ्या मनानं जोडलं होतं, आणि त्या दिवशी घरी येऊन ताईला कौतुकानं वाचूनही दाखवलं होतं.

“हातात काहीतरी असायला हवं, म्हणजे तुम्ही मागे ठेवता?” मी विचारलं.

मॅडम उठल्या. “मला तयारी करायचीय. ट्रॉलीत सतरा होती. माझ्या सहीपुढे तुमच्या बहिणीचं काय चालणार ते बघा.”

एवढं बोलून त्या गेल्या. मला खात्री पटली की त्या खोटं बोलतायत. पण अकरा पाऊच म्हणजे मोठं बोचकं होतं. ते पर्समधून नेता येत नाही, कर्मचाऱ्यांच्या बॅगा उतरताना तपासतात. रिकामी ट्रॉली परत येते. सफाईवाल्यांना काही सापडत नाही. मग ती अकरा पाऊच गेली कुठे? अडीच वाजले होते आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

५

मी परत दक्षता अधिकाऱ्यांकडे गेलो आणि हातच जोडले. “साहेब, एकच प्रश्न. तुमच्यासमोर विचारतो.”

त्यांनी दार उघडलं. ताई तशीच बसली होती.

“ताई, त्या कोऱ्या चिठ्ठ्या कशाला कापतेस?”

तिनं मान फिरवली.

“आईची शपथ घालू?”

“आईला मध्ये आणू नकोस.” तिचा आवाज फाटला. “परीक्षा म्हटलं ना! भरून झालं की मी चिठ्ठीवर वार लिहिते, तारीख लिहिते, किती भरली ते लिहिते. आणि तळाच्या पाऊचमध्ये टाकते, अठ्ठाविसाव्या. वाटायचं, कधीतरी कुणीतरी येऊन म्हणेल की बाई, ही तुमची चिठ्ठी सापडली. म्हणजे तळाचं पाऊच होतं. म्हणजे मी भरलं होतं. चार महिने झाले, कुणी आलं नाही. मग चिठ्ठ्या तरी मी खरंच लिहिते का, तेही कळेनासं झालं.”

दक्षता अधिकाऱ्यांचं बिस्किट हातातच राहिलं. मी जिन्याकडे पळालो.

ते खवळलेले गृहस्थ! फाइल काढताना माझ्या हातून चार फायली खाली पडल्या. पत्र सापडलं. ‘पाऊचमध्ये एक मळकी चिठ्ठी होती. तीवर लिहिले होते: मंगळवार, दोन तारीख. अठ्ठावीस भरली. मीच भरली. आपण प्रवाशांना कोणाची उष्टी पाऊच देता? आणि मी प्रवास केला तो शुक्रवारी, पाच तारखेला!’

खाली माझं उत्तर टाचलेलं होतं. आम्ही दिलगीर आहोत.

मी ते पत्र चारदा वाचलं. म्हणजे चिठ्ठ्या खऱ्या होत्या. ताईचं डोकं ठिकाणावर होतं. आणि पुढची गोष्ट त्याहून मोठी. ट्रॉली ज्या दिवशी भरतात त्याच दिवशी उडते आणि रिकामी होऊन परत येते. मग मंगळवारचं पाऊच शुक्रवारपर्यंत राहिलं कुठे? स्टोअरमध्ये नाही, तिथे चार महिन्यांत मोजाही परतला नव्हता. ट्रकमध्ये नाही. म्हणजे ते विमानातून उतरलंच नव्हतं. तीन दिवस ते विमानातच होतं, अशा जागी जिथे सफाईवाले हात घालत नाहीत आणि प्रवासी उघडत नाहीत.

विमानात न उघडणारी जागा कुठली? माझ्या पायाशी पडलेली दुसरी फाइल उघडीच होती. त्या बाईंचं तीन पानी पत्र वर आलं होतं. कोटाचं कपाट बंद, दारावर ‘नादुरुस्त’ असा स्टिकर. त्याखाली आणखी एक, आणखी एक. मीच ती ‘बिघाड’ नावाच्या फाइलला लावली होती आणि पाऊचची ‘सोयी’ नावाच्या. दोन्ही फायली चार महिने शेजारी शेजारी बसल्या होत्या.

मी दुरुस्ती विभागाला फोन लावला. बुधवारच्या विमानाचा क्रमांक सांगितला.

“कोटाच्या कपाटाचा बिघाड? नोंद नाही,” पलीकडून उत्तर आलं. “चार महिन्यांत एकही नोंद नाही. कपाट काय बिघडणार हो, साधी कडी आहे.”

चार वाजायला दहा मिनिटं होती.

६

दक्षता अधिकारी पळत असताना मी पहिल्यांदाच पाहिले. आम्ही विमानाच्या पायऱ्या चढलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि मॅडम दारात हात जोडून उभ्या होत्या, प्रवाशांच्या स्वागताचा सराव करत असल्यासारख्या. आम्हाला बघून त्यांचे हात सुटले.

बिझनेस क्लासच्या पुढच्या भिंतीत कोटाचं कपाट होतं. स्टिकर थोडा वाकडा लागला होता.

“ते नादुरुस्त आहे,” मॅडम म्हणाल्या.

“नोंद कुठेय?” मी विचारलं.

अधिकाऱ्यांनी स्टिकर सोलला आणि कडी फिरवली. दार उघडलं आणि पाऊच त्यांच्या बुटांवर कोसळली. नुसती बुधवारची अकरा नव्हती. आम्ही जमिनीवर बसून मोजली, त्रेचाळीस भरली. आत तळाशी पांघरुणं होती, सपातांचे सुटे जोड होते.

“एवढी माझी नाहीत!” मॅडम किंचाळल्या. “माझी फक्त अकरा!”

“तेच सांगतोय मॅडम,” मी म्हणालो. मलाही धाप लागली होती. “परिपत्रकाला भिऊन तुम्ही दहा-अकरा मागे ठेवता आणि झोपलेल्यांना वगळता. शेवटी कुणी मागत नाही, ती उरतात. परत पाठवली तर शिक्केसाहेब पुढच्या खेपेत तेवढी कापतात, म्हणून परतही पाठवत नाही. अडीनडीला होतील म्हणून इथे कोंबता आणि कुणी काढू नयेत म्हणून स्टिकर लावता. पण हे विमान तुमच्या हातात पुन्हा येतं दोन महिन्यांनी. मध्ये दुसऱ्या कुणी कपाट उघडून पाहिलं असेल, एखाद-दुसरं पाऊच काढलंही असेल, आपलीही चार त्यात टाकली असतील आणि स्टिकर परत लावला असेल.”

मॅडम खुर्चीच्या हातावर टेकल्या. “मला वाटलं होतं, मी एकटीच करते.”

“आणि सतरा होती असं का लिहिलंत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“ते अध्यक्ष आहेत हे कळलं तेव्हा चाकं जमिनीला लागली होती. पट्टे बांधलेले, उठता येईना. खुलासा कुणाच्या नावावर द्यायचा? माझ्या की ट्रॉली भरणाऱ्या बाईच्या? ती बाई मला दिसली नव्हती कधी.” त्या तोंड झाकून रडायला लागल्या. मला त्यांचा संताप आला होता, पण परिपत्रक आठवलं आणि मी खाली बघितलं.

मी पाऊचच्या चेनी उघडत सुटलो. वाटताना वरची जातात आणि तळाची मागे राहतात, म्हणून ताईच्या चिठ्ठ्या इथे असणारच होत्या. पहिली सापडली. बुधवार, सतरा तारीख. अठ्ठावीस भरली. मीच भरली. मग दुसरी. मग तिसरी. सहा सापडल्या. प्रत्येकीवर तेच गोल, शाळकरी अक्षर. अधिकारी एकेक चिठ्ठी घेऊन स्वतःच्या डायरीतल्या कॅलेंडरशी ताडून बघत होते.

सातवी मी उघडली आणि मुठीत दाबली.

त्यावर लिहिलं होतं: सोमवार, नऊ तारीख. आणि नऊ तारखेला मंगळवार होता.

“झाल्या?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“झाल्या,” मी म्हणालो, आणि ती चिठ्ठी खिशात टाकली.

७

पाचला पाच कमी असताना कबुलीजबाब फाडला गेला. दक्षता अधिकाऱ्यांनी ताईचा पास स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातला आणि कधी नव्हे ते तिला चहा पाजला. मॅडमना साडेचारच्या उड्डाणातून उतरवलं होतं, आता बाकीच्या सगळ्या विमानांतली कपाटं उघडायला माणसं गेली होती. शिक्केसाहेबांचा नियम त्याच दिवशी बंद झाला. परिपत्रकाचं काय, असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ते ज्यानं लिहिलंय तोच उद्या जाऊन मागे घ्यायला सांगेल, नाहीतर खुर्ची सोडेल.

आम्ही बसथांब्यावर येऊन बसलो. ताईच्या मांडीवर सहा चिठ्ठ्या होत्या. ती त्या पुन्हा पुन्हा लावत होती, तारखेप्रमाणे.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा हात खिशात होता आणि ती सातवी चिठ्ठी बोटांना टोचत होती. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी वार, मग रस्ते, मग आम्ही.

“सगळ्या एवढ्याच?” ताईनं विचारलं.

“एवढ्याच.”

“खरं सांग बाळ.”

“सहाच होत्या गं. बस येईल आता, आवर त्या.”

तिनं चिठ्ठ्या आवरल्या नाहीत. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “मग ती दुसऱ्या विमानात असेल. नऊ तारखेची. त्या दिवशी मी मंगळवारऐवजी सोमवार लिहिलं. सील ठोकलं आणि तेवढ्यात लक्षात आलं. आता सील कसं तोडणार? घरी आले, तुला वाढलं, आणि रात्रभर छताकडे बघत पडले. त्या एका वारापायी नऊ दिवस झाले, मला धड झोप नाही. ती कुणाच्या हाती लागली असती ना, तर मी आज डॉक्टरकडेच गेले असते.”

मी खिशातून हात काढला. मूठ उघडायला मला जरा वेळ लागला.

तिनं चिठ्ठी घेतली. वाचली. माझ्याकडे बघितलं, लहानपणी खोटं पकडल्यावर बघायची तशी.

“ताई,” मी म्हणालो, “आईला कधी एकदा तरी आठवलं होतं का, की आपण वार चुकीचा सांगितला?”

ती विचार करत राहिली. एक बस आली आणि गेली, आम्ही उठलो नाही.

“नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

मग तिनं युनिफॉर्मच्या खिशातलं पेन काढलं, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, सोमवार खोडून मंगळवार लिहिलं, आणि चिठ्ठी बाकीच्या सहांमध्ये तिच्या जागी लावली.